गफूर मणियारांचा काळा फळा

जुबेदाखाला, सलीम, समोर बसलेली वडीलधारी मंडळी, नांदेड-बिलोलीहून पहाटेच्या गाडीनं आलेल्या माझ्या मैत्रिणी, आणि लातूरच्या या गंजगोलाई बाजारातल्या माझ्या सगळ्या लोकांनो,

मला माईक नवा नाही. रोज सकाळी क्लासमध्ये शेकडो पोरांपुढं मी जीवशास्त्र शिकवते. हृदयाचे चार कप्पे मी झोपेतसुद्धा सांगू शकते. पण आज इथं उभी राहिले आणि पहिलं वाक्यच सापडेना. सलीम म्हणाला, "ताई, तुम्हीच बोला. अब्बा तुम्हाला लई मानायचे." मी हो म्हणून बसले. आता वाटतंय, नाही म्हणायला हवं होतं. तेव्हा थांबले, अडखळले, तर सांभाळून घ्या.

गफूरचाचा गेले. मंगळवारी दुपारी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर गेले.

मी हे वाक्य बोलले आणि मला लगेच त्यांचा आवाज ऐकू आला. "कोण म्हन्लं? त्यानं पाह्यलं का?" इथं असा कुणी आहे का, ज्याला चाचांनी हा प्रश्न विचारला नाही? हात वर करा. बघा. एकही हात नाही.

बाहेरगावच्या मंडळींसाठी थोडं सांगते. चाचा मणियार. बापजाद्यांपासून बांगड्यांचं दुकान. लातूरच्या तीन पिढ्यांच्या बायकांनी त्यांच्याकडं हात दिला. आणि त्या दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर एक काळा फळा. रोज सकाळी अकरा वाजता चाचा त्यावर खडूनं बातम्या लिहायचे. तीन-चार ओळी, जास्त नाही. पण प्रत्येक बातमीच्या खाली कंसात लिहिलेलं असायचं, ही कुणी सांगितली. रेडिओनं, की पेपरनं, की अमक्या गावच्या अमक्या माणसानं. सांगणाऱ्याचं नाव नसेल तर बातमी फळ्यावर चढायची नाही.

हा फळा सुरू झाला एका परदेशातल्या लढाईमुळं. चाचांचे धाकटे भाऊ कुवेतला सुताराचं काम करत होते आणि तिथं लढाई पेटली. दुकानात येणारी प्रत्येक बाई हात पुढं करून विचारायची, "चाचा, भावाचं काय कळलं?" दिवसातून पन्नास वेळा तेच सांगायचं. जुबेदाखाला, चाचांच्या घरच्या, वैतागल्या. म्हणाल्या, "अजी, एकदा लिखके लगा दो बाहर!" खाला, खरं आहे ना? बघा, हसल्या. तर फळ्याची कल्पना खालांची. चाचांनी पस्तीस वर्षं त्याचं श्रेय घेतलं, हे आज सगळ्यांसमोर सांगून टाकते.

भाऊ सुखरूप आले. फळा मात्र राहिला.

आता मला भूकंपाचं बोलायचं आहे. त्याशिवाय चाचा कळायचे नाहीत.

मी तेव्हा नववीत होते. माझे वडील, विश्वनाथआप्पा, आडतीवर होते. गणपती विसर्जनाच्या दिवशी ते उडदाच्या सौद्यासाठी किल्लारीच्या बाजूला एका खेड्यात, तिथल्या मोठ्या वाड्यात मुक्कामाला गेले होते. पहाटे जमीन हलल्याचं सगळ्यांना कळलं आणि दुपारपर्यंत त्या बाजूची खेडीच्या खेडी बसली, हेही कळलं. फोन बंद. रस्त्यावर नुसत्या जीपा आणि ट्रक. माझी आई दारात उभी. ती इथंच बसली आहे, पहिल्या रांगेत. आई, आता रडू नकोस, नाहीतर मला बोलता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी तिकडून एक ट्रकवाला आला. चाचांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, त्या गावात कुणीच उरलं नाही. "आणि आमचे आडतवाले आप्पा?" "ते बी त्याच वाड्यात होते. गेले." चाचांनी खडू उचलला आणि लिहिलं. आप्पांचं नाव लिहिलं. खाली कंसात लिहिलं, ट्रकचालकाकडून.

त्या दिवशी चाचांनी एकच गोष्ट विचारली नाही. त्यानं पाह्यलं का, हे विचारलं नाही.

फळा वाचून गल्लीतल्या बायका आमच्या घरी आल्या. आम्ही लिंगायत. आमच्यात विधवा बाईला अशुभ मानायचं नाही, असं जाणती माणसं सांगतात. पण दुःखात घुसलेल्या बायका धर्म विचारत बसत नाहीत. कुणीतरी आईचा हात धरला आणि उंबऱ्यावर आपटला. हिरव्या बांगड्या. चाचांनीच श्रावणात भरलेल्या. तो आवाज मी अजून विसरले नाही.

चौथ्या दिवशी आप्पा आले.

हो. चालत आले. कपाळाला फडकं बांधलेलं, नखं फुटलेली, अंगभर माती. वाडा पडला तेव्हा ते अंगणात झोपलेले होते. तीन दिवस ते तिथंच माणसं उकरून काढत होते. घरी निरोप पाठवायचं सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी पाठवणार कुणाबरोबर? तर आप्पा गोलाईत पोचले आणि त्यांना समोर फळा दिसला. फळ्यावर स्वतःचं नाव. माणसानं स्वतःच्या मरणाची बातमी उभं राहून वाचली. चाचा आत कुणाला तरी बांगड्या भरत होते. त्यांनी मान वर केली आणि हातातलं सगळं खाली पडलं. आप्पा काय म्हणाले असतील? म्हणाले, "गफूर, अक्षर मात्र सुरेख काढलंयस."

आप्पा तसलेच होते. पण चाचा हसले नाहीत. त्यांनी बांगड्यांची पेटी उचलली आणि आप्पांच्या मागं मागं आमच्या घरी आले. त्याच उंबऱ्यावर बसले. आईनं आप्पांना पाहिलं, मग चाचांना पाहिलं. आणि आई एवढंच म्हणाली, "तुमच्या फळ्यानं फुटल्यात. तुमीच भरा."

मणियारांच्या धंद्यात एक रीत आहे. बायकांना ठाऊक आहे, पुरुषांसाठी सांगते. बांगडी भरताना फुटली तर ती मणियाराची. बाईनं हात आखडला, पोर मधे आलं, काही झालं तरी तिच्यावर ढकलायचं नाही. हात आपल्या हातात होता ना? मग फुटली ती आपली. चाचा त्या दिवशी आईचा हात हातात घेऊन रडत होते आणि हेच म्हणत होते, "वैनी, माझ्या हातात फुटली. माझी हाय. ट्रकवाल्याची न्हाई, माझी हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात, खडूनं नव्हे, पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलं: विश्वनाथआप्पा जिवंत आहेत. चूक माझी. गफूर.

ती ओळ कधी पुसली नाही. पुढं बारा वर्षांनी आप्पा खरोखर गेले. चाचा आईकडं आले, मान खाली घालून म्हणाले, "वैनी, आता ते पुसू का?" आई म्हणाली, "राहू द्या. तुमच्यासाठी लिव्हलंय ते, त्यांच्यासाठी न्हाई." आणि त्या दिवशीही बायका आल्या होत्या, बांगड्यांसाठी. आईनं हात मागं घेतला. "एकदा फोडल्यात. आता न्हाई." आजही तिच्या हातात चाचांच्या बांगड्या आहेत.

त्यानंतर लातूर बदललं. तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. आडती कमी झाल्या, क्लास वाढले. जिथं तुरीची पोती असायची तिथं टॉपरांचे फोटो आले. गावोगावची पोरं डबा आणि गादी घेऊन इथं येऊ लागली. मीही त्यातच शिकले, त्यातच शिकवू लागले. आणि माझी गौरी त्यातच मागं पडली. बायोलॉजीच्या मॅडमची पोरगी बायोलॉजीत कमी पडली, हे या शहरानं मला मोठ्या प्रेमानं ऐकवलं. इथं सीट मिळाली नाही म्हणून ती युक्रेनला डॉक्टर व्हायला गेली. नांदेडची गेली, बिलोलीची गेली, उदगीरची गेली. आपल्या भागातली किती पोरं गेली.

आणि तिथं लढाई सुरू झाली.

ते दिवस आठवतात? टीव्हीवर चोवीस तास तोफा. स्टुडिओत नकाशे, नकाशावर पळणारे रणगाडे, मागं ढोलासारखं संगीत. निवेदक असा ओरडायचा की वाटायचं, हाच लढायला निघाला आहे. पोरं तळघरात बसलेली, बिस्किटं वाटून खाणारी, आणि इथं आमच्या दारात कॅमेरे. "मॅडम, आत्ता तुम्हाला काय वाटतंय?" काय वाटणार? तू जावंस, असं वाटत होतं. मी सगळ्या पत्रकारांना नावं ठेवत नाही. तिथं जीव धोक्यात घालून खरी बातमी पाठवणारी माणसंही होती आणि चाचा त्यांचंच वाचून आम्हाला सांगायचे. पण घरात बसलेल्या आईला गोंगाटातून खरं कसं निवडायचं?

चाचांनी निवडून दिलं. त्यांनी आम्हा आयांना निरोप पाठवला: टीव्ही बंद करा, अकरा वाजता दुकानात या. आम्ही जायला लागलो. एकेका पोराचं नाव फळ्यावर. नावापुढं, शेवटचा आवाज कधी ऐकला, कुणी ऐकला. बस. एवढंच. ज्यांची पोरं बाहेरगावची होती त्यांच्या आया फोनवरून लिहवून घ्यायच्या. क्लासची पोरं फळ्याचा फोटो काढून सगळीकडं पाठवायची. आम्ही तिथं बसायचो, चहा प्यायचो, एकमेकींचे हात धरायचो. कुणी रडली तर चाचा म्हणायचे, "रडा, पन खऱ्यावर रडा. अंदाजावर रडू नका."

सहाव्या दिवशी एका वाहिनीनं दाखवलं की गौरीच्या शहरात वसतिगृहावर मारा झाला. तासाभरात मोबाईलवर नावांची यादी फिरली. त्यात माझ्या गौरीचं नाव. पुढं लिहिलेलं, लातूर.

लोक घरी यायला लागले. मी भिंतीला टेकून बसले होते. आणि माझी आई दारात जाऊन उभी राहिली. सत्तरी उलटलेली बाई. प्रत्येकाला विचारत होती, "तुला कोण म्हन्लं? त्यानं पाह्यलं का? न्हाई ना? मग बस, च्या पी आन् जा." भूकंपात जे कुणी विचारलं नव्हतं, ते ती त्या दिवशी विचारत होती.

फळ्यासमोर मोठी गर्दी झाली होती. एकजण चाचांवर चिडला. "अख्ख्या देशाला कळलंय आन् तुमच्या फळ्यावर ते अजून न्हाईच? लपवताय काय?" चाचांनी खडू उचलला. लिहिलं, गौरी: काही कळलेलं नाही. आणि कंसात, कुणीच सांगितलं नाही. त्या माणसाकडं वळून म्हणाले, "भाऊ, हे खरं हाय. हे लिव्हायला लई जोर लागतो."

आता मी जे सांगणार आहे, त्याची मला लाज वाटते. पण चाचांच्या सभेत खोटं बोलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी बिलोलीचे साळवेगुरुजी आले. त्यांची मुलगी गौरीच्याच खोलीत राहायची. गुरुजींच्या फोनवर कुणीतरी पुढं पाठवलेलं एक रेकॉर्डिंग आलं होतं. त्यात दोघी बोलत होत्या. "आम्ही बऱ्या आहोत, काळजी करू नका." गौरीचा आवाज! माझ्या पोरीचा आवाज! मी धावत फळ्याकडं गेले. "चाचा, लिहा! गौरी सुखरूप!"

चाचांनी ऐकलं. परत ऐकलं. मग विचारलं, "कवाचं हाय हे?"

गुरुजींनी फोन उलटसुलट करून पाहिला. कवाचं आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माऱ्याच्या आधीचंही असू शकत होतं. चाचा म्हणाले, "बेटा, मी हे लिव्हू शकत न्हाई."

मी काय काय बोलले असेन! मी म्हणाले, तुम्हाला पोरगी नाही म्हणून तुम्हाला कळत नाही. मी म्हणाले, वाईट बातमी लिहिली नाहीत ते ठीक, पण चांगली लिहायला तुमचं काय जातं? मी म्हणाले, आमच्या घराचं एकदा केलंत ते पुरे झालं नाही का? हे मी बोलले. इतक्या माणसांत. चाचा ऐकत होते. डोळे भरले होते त्यांचे. शेवटी म्हणाले, "तुझ्या आईच्या वक्ताला मी घाई केली. आता तुझ्या वक्ताला न्हाई करणार. चांगली असो का वाईट, घाईची बातमी फुटती. आन् फुटली की बाईच्या हातात रक्त येतं."

मी दोन दिवस त्या चौकाकडं फिरकले नाही. पण एक मात्र सांगते. बाकीच्या आया जात राहिल्या. नांदेडची रेखा, इथं बसली आहे, मला फोनवर म्हणाली, "ताई, तुझ्यासाठीसुद्धा त्यानं नियम मोडला नाही ना, म्हणून माझ्या पोराचं लिहिलेलं मला खरं वाटतं." त्या एका फळ्यावर इतकी घरं उभी राहिली होती. मला ते तेव्हा दिसलं नाही.

शनिवारी सकाळी आई मला हाताला धरून घेऊन गेली. म्हणाली, "रुसायचं तर घरी रुस. फळा वाचायला चल." आम्ही तिथं उभ्या होतो. फळ्यावर तेच. गौरी: काही कळलेलं नाही. आणि माझा फोन वाजला. अनोळखी नंबर, लांबलचक.

"आई."

मी तसाच फोन स्पीकरवर टाकला. फोन चाचांनी घेतला. आणि काय विचारलं असेल? "बेटा, आज वार कोनता?" पलीकडून पोरगी हसली. खरंच हसली, सगळ्यांनी ऐकलं. "शनिवार, चाचा. लिहा आता."

चाचांनी एवढा जोर दिला की खडू दोनदा मोडला. लिहिलं, गौरी जिवंत आहे. कंसात, गौरी म्हणाली. सगळी गोलाई टाळ्या वाजवत होती. फळवाल्यांनी केळी वाटली. रेखाचं पोरगं तेव्हा अजून वाटेतच होतं, तरी फोनवर सगळ्यात जास्त तीच ओरडत होती.

गौरी परत आल्यावर मला एक गोष्ट म्हणाली. वसतिगृह पडलं तेव्हा त्या दोघी मैत्रिणी मेट्रोच्या बोगद्यात होत्या. फोन बंद. चार दिवसांनी स्टेशनवर कुणाच्या तरी चार्जरला फोन लावला, तर आधी ती यादी आली. स्वतःचं नाव वाचलं. आजोबांसारखंच. ती म्हणाली, "आई, मला वाटलं घरी सगळं संपलं असेल. माझ्या फोटोला हार घातला असेल. आता फोन तरी कसा करू? आणि त्याखाली क्लासच्या पोरांनी पाठवलेला फळ्याचा फोटो आला. काही कळलेलं नाही. कुणीच सांगितलं नाही. मला कळलं की घरचे अजून वाट पाहत आहेत. माझ्या फोनवरून कॉल लागेना, म्हणून मी उठले आणि दुसऱ्याचा फोन मागायला गेले."

चाचांनी त्या दिवशी माझं ऐकून 'सुखरूप' लिहिलं असतं आणि पुढं काही झालं असतं, तर? किंवा यादीवर विश्वास ठेवला असता, तर? मी त्यांची माफी मागितली. मला म्हणाले, "तू रागावलीस ते बरं झालं. भूकंपाच्या वक्ताला तुझ्या आईनं पन मला चार शिव्या घालायला पायजे होत्या."

थोडं राहिलं आहे, बोलून घेते. सलीमकडं दोन क्लासवाल्यांनी फळ्याची ती भिंत मागितली आहे. टॉपरांच्या फोटोंसाठी. त्यातला एक क्लास मी शिकवते तोच आहे. मी आमच्या सरांना सांगितलं, लातुरात भिंती कमी पडल्या का? सलीम, तू काय ठरवशील ते तुझं. पण लिहिणारं कुणी नाही, असं म्हणू नकोस.

कारण गौरी आता डॉक्टर आहे. नांदेडला सरकारी दवाखान्यात काम करते. मंगळवारी ती सुट्टीवर घरी होती. सलीम धावत बोलवायला आला तेव्हा तीच गेली. दुपारपासून मोबाईलवर सुरू झालं होतं. चाचा गेले. कुणी म्हणे दवाखान्यात, कुणी म्हणे दुकानात, कुणी म्हणे अजून आहेत. ती कुणाशी बोलली नाही. खाटेशेजारी बसली, नाडी धरली, छातीवर कान ठेवला. पूर्ण वेळ घेतला. घाई केली नाही. मग उठून चौकात आली आणि खडू घेतला.

येताना तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी वाचलं असेल. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी मी वाचून दाखवते. वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगात आप्पा अजून जिवंत आहेत. त्याच्या खाली खडूनं लिहिलं आहे:

गफूरचाचा गेले.
(गौरी म्हणाली. तिनं स्वतः पाहिलं.)

आता आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू या. फोन खिशातच राहू द्या. काही आलं तर पुढं पाठवू नका, दोन मिनिटांनी काही बिघडत नाही. ज्या बायकांच्या हातात त्यांच्या बांगड्या आहेत, त्यांनी हात हलले तर संकोच करू नका. तेवढा आवाज त्यांना चालेल.

चाचा, सलाम.